पंतोजींची तपासणी : कोणी आणि कशासाठी?

शिक्षक कसे शिकवतो हे दुसऱ्या कोणी वर्गात बसून पाहावे, त्यावरून त्याची लायकी ठरवावी आणि मुलांचे चित्त अभ्यासात अधिक लागेल अशी तजवीज करावी, ही कल्पना अलीकडे मोठ्या उत्साहाने मांडली जात आहे. कोणी छापील तक्ता घेऊन वर्गात बसतो, कोणी भिंतीवर कॅमेरा बसवतो. जणू ही गोष्ट पूर्वी कोणाला सुचलीच नव्हती! वस्तुतः तिला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शहाणपणापेक्षा ठेचा अधिक आहेत. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. परंतु काम करणाऱ्याच्या पाठीशी उभा राहून त्याचे काम मोजणारा माणूस आम्ही पुष्कळ पाहिला आहे. तोच माणूस शाळेत शिरला तेव्हा काय झाले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभ विलायतेतून करणे प्राप्त आहे, कारण आमच्याकडचा दिपोटी तेथूनच आला. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गोरगरिबांच्या शाळागृहांसाठी २० हजार पौंड मंजूर केले. सरकारी पैसा पुढे गेला की त्याच्या मागोमाग तपासनीस जातो. त्याप्रमाणे १८३९ मध्ये शिक्षणाची एक सरकारी समिती स्थापन झाली आणि राणीचे शाळा-तपासनीस नेमले गेले. या पहिल्या तपासनिसांना १८४० साली ज्या सूचना मिळाल्या, त्या आजही वाचण्याजोग्या आहेत. तपासणी ही हुकमत गाजविण्यासाठी नसून साहाय्य देण्यासाठी आहे, असा त्यांचा आशय होता. तपासनिसाने शाळेत जावे, पाहावे, एका शाळेतील चांगली रीत दुसऱ्या शाळेत सांगावी आणि निघून यावे. समितीचे चिटणीस के-शटलवर्थ हे मूळचे डॉक्टर. मँचेस्टरच्या कामगारवस्तीतील रोगराई त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. तपासनिसाविषयीची त्यांची कल्पना रोग्याला भेटणाऱ्या वैद्यासारखी असावी, असे आम्हांस वाटते.

ही व्यवस्था वीसेक वर्षे चालली. पुढे खर्च वाढला, क्रिमियाच्या युद्धाने तिजोरी हलकी झाली, आणि गरिबांच्या पोरांवर एवढा पैसा ओतून पदरात काय पडते असा सवाल होऊ लागला. १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल कमिशनने १८६१ मध्ये अहवाल दिला, आणि शिक्षणखाते सांभाळणारे रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये सुधारलेला कायदा आणला. ‘रिव्हाइज्ड कोड’ म्हणून तो ओळखला जातो. शिक्षण स्वस्त पडणार नसेल तर ते कार्यक्षम तरी होईल, आणि कार्यक्षम झाले नाही तर स्वस्त तरी पडेल, असा हिशेब त्यांनी पार्लमेंटला ऐकवला. कोणत्याही गिरणीच्या एजंटाला हे भाषण पाठ करावेसे वाटले असते.

या कायद्याची यंत्ररचना समजून घेणे अगत्याचे आहे. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. याखेरीज ज्या मुलाची हजेरी २०० वेळांच्या वर भरली असेल, त्याला तपासनिसाच्या पुढ्यात उभे करावयाचे. वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्ही विषयांत ते उतरले तर आणखी ८ शिलिंग. एका विषयात नापास झाले की त्यातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. सहा इयत्ता आखून दिलेल्या होत्या. पहिल्या इयत्तेच्या पोराने एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचावी, ऐकलेली अक्षरे पाटीवर काढावीत, वीसपर्यंत आकडे लिहावेत आणि दहाच्या आतली बेरीज-वजाबाकी करावी, असे माप होते.

आता १०० मुलांची एक शाळा घ्या, आणि सोयीसाठी समजा की शंभरही मुले परीक्षेस बसली. हजेरीचे २० पौंड, परीक्षेचे ४० पौंड. म्हणजे शाळेच्या अनुदानाचे तीन भाग केले तर त्यांतील दोन भाग वर्षातल्या एकाच दिवसावर लटकलेले! त्या दिवशी पोराला ताप आला, ते बावरले, शेतावर गेले, की पैसे गेले. पूर्वी प्रशिक्षित शिक्षकाला सरकारकडून थेट पूरक वेतन मिळे. ते या कायद्याने बंद झाले आणि त्याने आपला पगार शाळेच्या चालकांशी घासाघीस करून ठरवावा असे झाले. पुष्कळ चालकांनी मग शिक्षकाच्या पगाराची सांगड अनुदानाशीच घातली. आमच्या भाषेत हिला नगावर मजुरी म्हणतात. फरक एवढाच, की विणकराचा नग कापडाचा असतो आणि येथे तो हाडामांसाचा होता.

परिणाम काय झाला? लो साहेबांची अर्धी प्रतिज्ञा खरी ठरली. आठ लाख पौंडांच्या वर गेलेले शिक्षणाचे अनुदान १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले. स्वस्ताई झाली. उरलेल्या अर्ध्या प्रतिज्ञेविषयी साक्ष द्यावयाची तर ती मॅथ्यू आर्नल्ड यांची घ्यावी. हे इंग्लंडचे नामांकित कवी आणि टीकाकार, पण पोटासाठी १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळा-तपासनीस होते. कायद्याचा मसुदा चर्चेत असतानाच, १८६२ मध्ये, त्यांनी आपल्या वरिष्ठांच्या विरोधात निनावी लेख लिहिला. पुढे सरकारी अहवालांतूनही ते स्पष्ट लिहीत राहिले. त्यांचे म्हणणे असे, की हिकमतीने तयारी करून घेतली तर मुलाला वाचता न येता ते वाचनात पास होते. वर्षभर एकच पुस्तक घोकून घेतलेले असते. पान उघडले की पोर म्हणू लागते, आणि तपासनीस खूण करून पुढच्याकडे वळतो.

आर्नल्ड यांनी दुसरीही एक गोष्ट टिपली, आणि ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. या कायद्याने पंतोजीबरोबर तपासनिसाचेही वाटोळे केले. पूर्वी तो वर्गात बसे, धडा ऐके, शिक्षकाशी बोले, मुलांना त्यांच्या गावाविषयी, फुलापानांविषयी विचारी. आता त्याच्या हाती नावांची यादी आली. दर नावापुढे तीन घरे, आणि दर घरात खूण करावयाची. शंभर पोरांची तीनशे घरे दुपारपर्यंत भरावयाची असतील तर धडा कोण पाहणार? बघणाऱ्याचा कारकून झाला. तक्रार करणाऱ्या तपासनिसांच्या अहवालांना खात्यात कात्री लावली जाते असा गवगवा झाला आणि १८६४ मध्ये कॉमन्स सभेने तसा ठराव केल्यावर लो यांनी राजीनामा दिला. पुढे चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केले हे खरे. कायदा मात्र तसाच राहिला.

१८७० मध्ये इंग्लंडच्या प्राथमिक शिक्षकांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली आणि ही पद्धती उखडणे हे तिच्या अग्रगण्य कामांपैकी एक ठरले. लढा चिवट होता. १८९० पासून ती ढिली होत गेली आणि शतक संपण्यापूर्वी नाहीशी झाली. पण येथे कथा संपत नाही. एडमंड होम्स हे १८७५ पासून तपासनीस, पुढे प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस. निवृत्तीनंतर, १९११ साली, त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्याचा मथितार्थ असा, की तीसएक वर्षे ज्या शिक्षकाला घाण्याला जुंपले, त्याची बेडी काढली तरी तो त्याच वर्तुळात फिरत राहिला. ज्याला सतत हुकूम मिळाले त्याने पोरांनाही हुकूमच दिले. मुलांचे लक्ष का लागत नाही, याचे उत्तर शिक्षकाच्या आळसात शोधणाऱ्यांनी होम्स जरूर वाचावेत.

आता आपल्या घराकडे वळू. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते निघाले, आणि विलायतेत लो यांचा कायदा रुळतो न रुळतो तोच, १८६० नंतरच्या दशकात, निकालागणिक अनुदानाची रीत येथेही आली. सर्व इलाख्यांत मुंबईनेच ती अधिक काटेकोरपणे राबवली. आमच्याकडे प्राथमिक शाळा बहुतांशी खात्याच्याच असल्यामुळे तिचा दाब पडला तो मुख्यतः मिशनरी व खाजगी शाळांवर. १८८२ साली हंटर कमिशन बसले, आणि विलायतेत ओरड चालू असतानाही त्याने प्राथमिक शाळांचे अनुदान पुष्कळ अंशी परीक्षेच्या निकालावर ठेवावे अशीच शिफारस केली. कर्झन यांच्या अमदानीतील १९०४ च्या सरकारी ठरावाने या रीतीला निरोप दिला. साहेबाच्या देशात जे टाकून दिले ते येथे काही वर्षे उशिरा टाकले जाते. गिरण्यांतील जुन्या यंत्रांचीही तीच तऱ्हा असे.

परंतु याच हंटर कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून एक निवेदन गेले, आणि ते आमच्यासारख्या संघटनावाल्याला सहजी पचणारे नाही. ते जोतीराव फुल्यांचे होते. तपासणी कमी करा, पंतोजीला मोकळे सोडा, असे जोतीरावांनी म्हटले नाही. ते नेमके उलट बोलले. प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी आणि सदोष आहे, दिपोटी वर्षातून एकदा येतो त्याचा काडीमात्र उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून वर्दी न देता अचानक भेटी द्याव्यात, असे त्यांनी मागितले. गावकामगारांवर व जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नका, त्यांना सवड नसते आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही बजावले. जास्त मुले पास करणाऱ्या खेड्यातील शिक्षकाला पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा, असेही त्या निवेदनात आहे.

हे असे का, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. आर्नल्ड वर्गाकडे पाहत होते ते शिकवणाऱ्याच्या व शिक्षणाच्या बाजूने. जोतीराव पाहत होते ते दाराबाहेर उभ्या असलेल्या पोराच्या बाजूने. त्यांच्याच निवेदनाप्रमाणे त्या वेळचे प्राथमिक शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण होते, आणि महार-मांगांच्या मुलांना जातीच्या विटाळापायी शाळेत बसण्याची जवळपास बंदीच होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तो प्रसंग फार जुना झालेला नव्हता. अशा ठिकाणी बंद दाराआड शिक्षक काय करतो हा केवळ त्याच्या कसबाचा प्रश्न राहत नाही. कुणब्याचे पोर कोपऱ्यात बसवले आहे काय, त्याला प्रश्न विचारला जातो काय, हे पाहायला बाहेरचा डोळाच हवा. गावचे चार शहाणे ते पाहणार नाहीत, कारण ती व्यवस्था त्यांचीच.

तेव्हा आमच्या बाजूच्या मंडळींनी, म्हणजे शिक्षक संघटनांनी, “तपासणी नको” एवढेच म्हणून भागत नाही. कामगार आणि मालक असा सरळ सामना कारखान्यात असतो. शाळेत तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे पोर, आणि त्याची युनियन नसते. सातवीत गेलेल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नसेल तर त्याची आई कोणत्या दरवाजावर मोर्चा न्यायची? ती धुणीभांडी करते, तिची पोरगी नगरपालिकेच्या शाळेत जाते, आणि ती आमचीच सभासद असते. शिक्षकही आमचाच. हा पेच खरा आहे. तो नाही असे दाखवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

मात्र बाहेरचा डोळा कोणता, हे ठरवायला कारखान्याचा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी घड्याळ लावून कामगाराची प्रत्येक हालचाल मोजण्याचे शास्त्र काढले. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्यांनी या घड्याळाविरुद्ध काम बंद केले आणि काही वर्षांतच काँग्रेसने लष्करी खर्चाच्या मंजुरीत घड्याळबंदीचे कलम घातले. ते १९४९ पर्यंत टिकले. मुंबईत १९२८ साली दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. दोनाऐवजी तीन माग चालवा, एकाऐवजी दोन बाजू सांभाळा, असा जो तगादा ‘रॅशनलायझेशन’च्या नावाने लागला होता, तो त्या संपाच्या मुळाशी होता. हे सांगण्याचे कारण असे, की टेलर यांचे शास्त्र शाळेत शिरायला उशीर लागला नाही. शिकागोचे प्राध्यापक फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१२–१३ च्या सुमारास शाळा हा कारखाना आणि विद्यार्थी हा माल धरून मोजमापाचा पुरस्कार केला.

त्याच शिकागोत मार्गारेट हेली या शिक्षिकेने १९०४ मध्येच, देशभरच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या परिषदेत, शाळांचा कारखाना होत चालला आहे असा इशारा देऊन शिक्षकांनी संघटित का व्हावे ते सांगितले होते. त्यांची शिक्षक संघटना १९०२ पासून शहराच्या कामगार महासंघात सामील होती. १९१५ साली शिक्षण मंडळाने शिक्षकांना संघटनेत राहण्याची बंदी केली, आणि १९१६ मध्ये ६८ शिक्षकांना कामावरून वगळले. त्यांत चांगला शेरा मिळालेले कितीतरी होते. शेरेबुकाचा उपयोग कोणत्या कामी होऊ शकतो, आणि गैरसोयीचा असला की ते कसे बाजूला सारले जाते, याचा हा नमुना.

तथापि मोजणाऱ्यांतही एक प्रामाणिक परंपरा होती. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये रोमिएट स्टीव्हन्स या बाईंनी लघुलेखक वर्गात बसवून शिक्षक किती प्रश्न विचारतात हे मोजले. दिवसाला सरासरी ३९५ प्रश्न! मिनिटाला दोन-तीन प्रश्नांचा मारा, आणि उत्तर आठवणीतून टाकावयाचे एका शब्दात. मुलाला विचार करायला उसंत नाही, स्वतः प्रश्न विचारायला तर मुळीच नाही. बाईंनी यासाठी कोणाचा पगार कापा म्हटले नाही. त्यांनी आरसा दाखवला. पुढे १९६० च्या सुमारास नेड फ्लँडर्स यांनी दर तीन सेकंदांनी वर्गातील बोलणे दहा प्रकारांत नोंदण्याची रीत बसवली आणि त्यांना आढळले, की वर्गाच्या वेळातील दोनतृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्यातील दोनतृतीयांश बोलणे शिक्षकाचे असते. आम्ही सभांतून बोलणारी माणसे, आम्हांला हा आकडा कमीच वाटला.

अगदी अलीकडचे सांगावयाचे तर २००९ पासून गेट्स प्रतिष्ठानच्या पैशाने अमेरिकेत सुमारे ३ हजार शिक्षकांच्या तासांचे चित्रण करून अनेक परीक्षकांकडून गुण देवविले गेले. निष्पन्न हे झाले, की एका परीक्षकाने एक तास पाहून दिलेल्या गुणांवर विसंबता येत नाही. तोच माणूस दोनदा बसण्यापेक्षा दोन निरनिराळी माणसे एकेकदा बसली तर अंदाज अधिक खरा येतो. त्याच प्रतिष्ठानच्या मदतीने काही शहरांत असे गुण पगाराशी आणि नोकरीशी जोडण्याचा प्रयोग झाला. त्याचे मूल्यमापन २०१८ मध्ये रँड या संस्थेने प्रसिद्ध केले. मुलांच्या शिक्षणात अपेक्षित सुधारणा झाली नव्हती, आणि बहुतेक सर्व शिक्षकांना वरचेच गुण मिळाले होते. यात नवल ते काय? ज्या शेऱ्यावर सहकाऱ्याची भाकरी अवलंबून, तो शेरा मुख्याध्यापक हात राखूनच लिहिणार. १८६२ मध्ये पोरांनी पुस्तक घोकले, आता मोठ्यांनी तक्ता घोकला.

जपानात मात्र ही गोष्ट निराळ्या वाटेने गेली. तेथे ‘जुग्यो केनक्यू’ म्हणून एक जुनी रीत आहे. चार-सहा शिक्षक मिळून एक धडा आखतात. एकजण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. पाहतात ते शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे : कोणते पोर कोठे अडखळले, कोणी वहीत काय लिहून खोडले, कोण उगीच मान हलवते. नंतर बसून धड्यावर चर्चा होते. धडा सगळ्यांचा असल्यामुळे त्यात फसले तर सगळेच फसतात, आणि तो दुरुस्त करून पुन्हा शिकवता येतो. १९९९ साली स्टिगलर व हीबर्ट या अमेरिकनांनी ही रीत आपल्या देशबांधवांपुढे मांडली. शिकागोच्या एला फ्लॅग यंग यांनी शतकाच्या आरंभीच शिक्षकांची मंडळे स्थापून त्यांच्या सल्ल्याने शाळा चालवाव्यात असे सुचवले होते. तो धागा मध्येच तुटला होता.

आमच्याकडे केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले ते दहा-बारा शाळांच्या शिक्षकाला हाताशी एक जाणता माणूस असावा म्हणून. त्या माणसाचा दिवस माहिती गोळा करण्यात आणि वर पाठवण्यात जातो, अशी तक्रार आम्ही शिक्षकांकडून आणि केंद्रप्रमुखांकडूनही ऐकतो. आर्नल्डची यादी ती हीच, फक्त ती आता मोबाइलवर भरावयाची असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला लावण्यास मनाई केली आहे. केंद्रप्रमुखाच्या वर्गात बसण्याच्या वेळेला असे कोणतेही कलम नाही.

शिक्षक संघटनांशी आमचे याबाबत वाद झाले आहेत आणि होतील. आमचे म्हणणे असे आहे, की वर्गाचे दार उघडे ठेवण्यास संघटनेने आपण होऊन होकार द्यावा, आणि त्या होकाराबरोबर करार मागावा. पाहणाऱ्याने स्वतः शिकवलेले असावे, आणि वर्षातून काही तास त्यानेही इतरांसमोर शिकवावे. एका भेटीवर शेरा नको, एका माणसाचा शेरा नको. लिहिलेले प्रथम शिक्षकाला दाखवावे, त्यावर त्याची सही आणि त्याचे म्हणणे असावे. पगार आणि बदली या कागदापासून दूर ठेवावी. मात्र मुलाला मारणे, जातीवरून वा मुलगी म्हणून वेगळे बसवणे, शाळेत न येता हजेरी लावणे, या बाबतींत अचानक भेट हवी, आणि तीत संघटनेने मध्ये पडू नये. या शेवटच्या अटीवर सभेत सर्वांत जास्त गोंधळ होतो. फुल्यांनी मागितलेली दर तीन महिन्यांची तपासणी आणि त्याच निवेदनात मागितलेला शिक्षकाचा किमान १२ रुपये पगार, मोठ्या गावी १५ ते २०, या दोन्ही मागण्या आम्ही तेथे एकत्र वाचून दाखवतो, आणि मग चर्चेला सुरुवात होते.